चिलोएचं कुरांतो: खड्ड्यातलं खावं की पातेल्यातलं, आणि घरी कसं जमवायचं?

अपरान्त

जानेवारीच्या शेवटी चिलेच्या दक्षिणेला चिलोए बेटावर जाणं होणार आहे. तिथलं कुरांतो खायचं नक्की आहे. तापलेल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, कोंबडी, बटाटे असं सगळं पानांखाली झाकून शिजवतात एवढी माहिती आहे. जाणकारांकडून हे हवंय:

हॉटेलात जे 'कुरांतो' म्हणून मिळतं ते खड्ड्यातलंच असतं का? नसेल तर ओळखायचं कसं? चवीत खरोखर फरक पडतो का?

शिंपल्यांच्या बाबतीत तिथे काय जपायचं? मध्येच 'लाल भरती'बद्दल वाचलं.

बरोबरच्या एकांना डुकराचं मांस चालत नाही. त्यांनी नुसते शिंपले, कोंबडी आणि बटाटे उचलले तर?

आणि परत आल्यावर ५-६ जणांपुरतं घरी करायचं झालं, तर आपल्याकडच्या तिसऱ्या-शिनाणे या शिंपल्यांवर जमेल का? आपल्या रायगडातल्या पोपटीसारखं मडक्यात लावता येईल असं वाटतंय. कुकरमध्ये लावलं तर चालेल का, हेही सांगा.

दक्षिणवारा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

दोन प्रकार आहेत. 'कुरांतो एन ओयो' म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यातलं. 'कुरांतो एन ओया' म्हणजे पातेल्यातलं. यालाच 'पुल्माय' म्हणतात. वर्षभर बहुतेक हॉटेलांत, आणि पुएर्तो मोंतच्या आंखेल्मो बाजारातल्या खाणावळींत मिळतं ते पुल्माय. ते हलकं किंवा खोटं नव्हे, चिलोएच्या घराघरांत तेच होतं. पण दोन्हींची चव वेगळी. सोपी खूण: ताटासोबत गरम रस्सा, म्हणजे 'काल्दो', पेल्यात आला तर ते सहसा पातेल्यातलं. खड्ड्यात शिंपल्यांचं पाणी दगडांवर पडून वाफ होऊन जातं, प्यायला मागे उरत नाही.

खड्डा साधारण अर्धा मीटर खोल असतो, रुंदी माणसांप्रमाणे. तळाशी मुठीपासून नारळाएवढे गोल दगड लावतात आणि वर दीड-दोन तास लाकडं पेटवतात. दगड पुरेसे तापले की निखारे आणि अर्धवट जळकी लाकडं काढून टाकतात. ही पायरी फार महत्त्वाची आहे. आत कोलीत राहिलं तर वरच्या सगळ्या थरांना कडवट धूर लागतो आणि पानं जळतात.

मग शिंपले थेट दगडांवर. चोल्गा आणि चोरितो (दोन्ही शिनाण्यांच्या कुळातले), आल्मेखा (आपल्या तिसऱ्यांसारखे, पण बरेच मोठे आणि जाड), आणि मिळाले तर पिकोरोको. गरम दगडावर शिंपले उघडतात, त्यांच्यातलं खारं पाणी खाली ओघळतं आणि त्याचीच वाफ होते. वरचं सगळं जेवण त्या वाफेवर शिजतं. वेगळं पाणी घालत नाहीत, मीठही जवळजवळ लागत नाही. म्हणून शिंपले तळाशीच हवेत, आणि भरपूर हवेत. खर्च वाचवायला शिंपले कमी आणि बटाटे जास्त असं केलं की वाफ पुरत नाही आणि वरचे बटाटे दडस राहतात.

त्यावर नाल्काची पानं. हे झाड तिकडे ओलसर उतारांवर आपोआप वाढतं, एकेक पान मीटरभर रुंद होतं. पानांवर धुरावलेलं डुकराचं मांस, लोंगानिसा (लसूण-ओरेगानोचं डुकराचं सॉसेज), कोंबडी. पुन्हा पानं. मग सालासकट बटाटे, बाकल्याच्या आणि मटाराच्या शेंगा. सगळ्यात वर मिल्काओ आणि चापालेले हे बटाट्याचे दोन गोळे-पोळे. शेवटी पानं, ओली गोणपाटं, आणि त्यावर गवतासकट कापलेली मातीची ढेपळं, गवताची बाजू खाली आणि मुळं वर. उलट ठेवली तर माती जेवणात गळते. इथून तास-दीड तास. कुठून वाफ निसटताना दिसली की तिथे लगेच ढेपूळ दाबतात.

खड्ड्यातलं खायचं असेल तर दोन जागा लक्षात ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, बेटावर गावोगाव 'फिएस्ता कोस्तुंब्रिस्ता' भरतात. कास्त्रोची मोठी जत्रा फेब्रुवारीत असते. दुसरं म्हणजे आंकुदजवळचा केतालमावेचा भाग, तिथे उन्हाळ्यात खड्डे लागतात. आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि 'जेवण किती वाजता' असं विचारण्यापेक्षा खड्डा किती वाजता उघडणार ते विचारा. उघडल्यावर पहिल्या वीस मिनिटांत जे खायला मिळतं त्याची सर तासाभराने मिळालेल्याला नाही. मिल्काओ थंड झाला की चिवट होतो.

एक ताट दोघांना पुरतं. पुल्माय असेल तर आधी रस्सा गरम असतानाच प्या. पिकोरोको म्हणजे खडकाला चिकटणारं मोठं बार्नेकल. चोचीसारखा भाग धरून ओढला की आतलं पांढरं मांस बाहेर येतं, तेवढंच खायचं. चव खेकड्याच्या जवळची. सोबत पेब्रे येतं: कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगर. ते बटाट्यांवर आणि मांसावर घ्या, शिंपल्यांवर नुसतं लिंबू पुरे.

खाडीकाठ

शिंपल्यांबद्दल लिहितो, आणि हे कृपया गांभीर्याने घ्या.

'मारेआ रोखा', म्हणजे तुम्ही वाचलेली 'लाल भरती', ही विषारी सूक्ष्म शैवालाची अचानक झालेली वाढ. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे ते विष त्यांच्यात साठतं. दक्षिण चिलेमध्ये ज्याची सगळ्यात भीती असते ते साक्सिटॉक्सिन, मज्जातंतूंवर परिणाम करणारं. ते उकळून जात नाही, गोठवून जात नाही, लिंबाने किंवा वाइनने तर नाहीच. शिंपल्याला वास, रंग, चव काहीही वेगळं लागत नाही. पाणी लाल दिसेलच असंही नाही. २०१६ मध्ये चिलोएत याचा मोठा उद्रेक झाला होता, शिंपले काढण्यावर बंदी आली आणि मच्छीमारांनी रस्ते अडवले होते.

त्यामुळे नियम एकच: किनाऱ्यावर ओहोटीला स्वतः वेचलेले किंवा कोणी बादलीत आणून दिलेले शिंपले खायचे नाहीत, कितीही ताजे दिसोत. परवाना असलेल्या बाजारातला आणि हॉटेलातला माल तपासणीतून येतो. बंदी असेल तर प्रादेशिक आरोग्य कचेरी, 'सेरेमी दे सालुद', तसं जाहीर करते. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी विचारा. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी वाटू लागली तर थांबून बघायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. यावर उतारा नाही, पण श्वासाला वेळेत आधार मिळाला तर माणूस वाचतो.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांसाठी: नुसतं उचलून बाजूला करून भागणार नाही. मिल्काओ आणि चापालेले दोन्हींत डुकराची चरबी मळलेली असते, मिल्काओत बहुधा तळलेल्या चरबीचे तुकडेही असतात. शिवाय मांसाचा रस खालच्या शिंपल्यांवर गळतो आणि रस्स्यात उतरतो. त्यांना फक्त 'मारिस्कोस अल वापोर', म्हणजे वाफवलेले शिंपले, वेगळे मागवून द्या. शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्याने तर या ताटातला बटाटासुद्धा खाऊ नये. गोमांस मात्र पारंपरिक कुरांतोत नसतं.

अँडीजपलीकडे अर्जेंटिनात, बारिलोचेजवळच्या कोलोनिया सुईसातही कुरांतो लावतात. त्यात शिंपले नसतात, मांस आणि भाज्या असतात. पेरूची पाचामांका हीसुद्धा तापल्या दगडांचीच रीत, पण डोंगरातली. समुद्र आणि मांस एका खड्ड्यात हवं असेल तर चिलोएच.

चुलीपाशी

आता घरचं. आधी पोपटीची तुलना बाजूला ठेवते. पोपटीत मडकं उपडं घालून बाहेरून जाळ करतात आणि शेंगा-कोंबडी स्वतःच्या ओलाव्यावर भाजत-वाफत शिजते. कुरांतोत उष्णता खालून दगडांतून येते आणि ओलावा शिंपल्यांचा असतो. पोपटीच्या मडक्यात शिंपले भरलेत तर मडकं उपडं असल्याने सगळं पाणी तोंडाशी गळून जाळात जाईल, वर कोरडं राहील. आणि पोपटीत लावतात तो भांबुर्ड्याचा पाला चुकूनही घालू नका. वालाच्या शेंगांना तो शोभतो, पण शिंपल्यांच्या रस्स्याला त्याचा उग्र वास मारून टाकतो.

घरी पुल्मायच करा. सहा जणांना १२ ते १५ लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण हवं. त्यात: शिनाणे (काही ठिकाणी काकई म्हणतात) २ किलो, तिसऱ्या १ किलो, कोंबडीचे हाडासकट ६ मोठे तुकडे, धुरावलेलं डुकराचं मांस ७०० ग्रॅम, ६ सॉसेज, सालासकट मध्यम बटाटे ६ ते ८, मटाराच्या कोवळ्या शेंगा अर्धा किलो, कोबीचा एक मोठा गड्डा, कांदे २, लसूण ५-६ पाकळ्या, गोड पाप्रिका १ मोठा चमचा, ओरेगानो, मिरी, आणि कोरडी पांढरी वाइन ५०० मिली. वाइन नको असेल तर ४०० मिली पाणी घ्या आणि शेवटी लिंबू पिळा. व्हिनेगर नको.

तळाशी थोड्या तेलात कांदा-लसूण मऊ करा, गॅस बारीक करून पाप्रिका घाला (मोठ्या आचेवर ती लगेच करपून कडू होते). त्याच पातेल्यात आधी कोंबडीचे तुकडे दोन्ही बाजूंनी ३-४ मिनिटं परतून काढून ठेवले तर रश्शाला रंग आणि खोली येते. मग शिनाणे, वाइन, कोबीची पानं, कोंबडी, डुकराचं मांस, सॉसेज, पुन्हा पानं, बटाटे आणि शेंगा, पानं, चापालेले आणि मिल्काओ, शेवटी पानांचा जाड थर. झाकणाच्या कडेला कणीक लावा. मध्यम आचेवर वाफ धरू द्या, मग बारीक आचेवर ६० ते ७० मिनिटं. मीठ घालू नका. रस्सा चाखून शेवटी लागलं तरच.

तिसऱ्या मात्र तळाशी घालायच्या नाहीत. चिलोएच्या जाड, मोठ्या शिंपल्यांना तासभराची वाफ सोसते, आपल्या तिसऱ्या तेवढ्यात रबर होतात. शेवटची १० मिनिटं राहिली की झाकण उघडून कडेने सोडा आणि पुन्हा बंद करा. शिनाणेही लहान मिळाले असतील तर अर्धेच तळाशी घाला, रश्शापुरते. उरलेले तिसऱ्यांबरोबर शेवटी.

कुकर नको. दाबाखाली शिंपले आक्रसतात, मिल्काओ फुटून लगदा होतो, आणि थर उघडून बघता येत नाहीत. पातेलं लहान पडलं तर मिल्काओ-चापालेले मोदकपात्रात वेगळे वाफवा. खालच्या पाण्यात थोडा रस्सा घातलात तर उत्तम.

धुरावलेल्या मांसाची निवड जपून करा. अमेरिकेत असाल तर स्मोक्ड हॅम हॉक आणि पोर्तुगीज लिंगुइसा चांगली जुळतात. इथे मुंबई-पुण्यात बेकनचा अख्खा ठोकळा मिळाला तर तो जाड कापून घ्या. ईशान्येकडचं धुरावलेलं डुक्कर मिळतं, पण त्याचा धूर फार दाट असतो, अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्या. गोव्याचं सॉसेज घालायचा मोह होईल. त्यातलं व्हिनेगर आणि मिरची पूर्ण पातेल्याचा ताबा घेतात. घालायचंच तर सहाऐवजी एक, आणि ते वरच्या थरात पानात गुंडाळून.

डुकराचं मांसच नको असेल तर स्मोक्ड चिकन किंवा टर्कीची तंगडी वापरा. धुराचा अंश मात्र सोडू नका, त्याशिवाय रस्सा नुसता शिंपल्यांचा लागतो.

अपरान्त

फारच उपयोगी. मिल्काओ आणि चापालेलेचं प्रमाण कोणी देईल का? कच्चा बटाटा किसून केलेले गोळे वाफेवर टिकतात कसे ते समजत नाहीये. आणि एक विचारून घेतो: अलिबागला घराच्या मागे जागा आहे, तिथे खड्डा करून लावायचं म्हटलं तर?

चुलीपाशी

आधी चापालेले, तो सोपा आहे. १ किलो बटाटे उकडून गरम असतानाच गाठी न ठेवता कुस्करा. त्यात ८० ग्रॅम चरबी आणि २ छोटे चमचे मीठ. कोमट झाल्यावर ३५० ग्रॅम मैदा घालून जेमतेम एकत्र येईल इतकंच मळा. जास्त मळलं तर वाफवल्यावर खाताना दात रुततात. हाताएवढे, बोटभर जाडीचे पोळे थापा.

मिल्काओला वेळ लागतो. १ किलो कच्चे बटाटे सोलून बारीक किसा आणि लगेच फडक्यात घालून जोर लावून पिळा. ढिलं पिळलं की हमखास बिघडतं. किलोचा कीस पिळून निम्म्यावर यायला हवा. पिळलेलं पाणी फेकू नका, १० मिनिटं ठेवा, वरचं पाणी ओता, तळाशी पांढरं घट्ट पीठ बसलेलं असेल. आता ५०० ग्रॅम उकडलेला, गरम कुस्करलेला बटाटा, ८० ग्रॅम चरबी, दीड छोटा चमचा मीठ आणि हा कीस एकत्र मळा. गोळा तुटत असेल तर तळाचं पीठ त्यात परत घाला. वाफेच्या उष्णतेने हाच स्टार्च फुगून पकड धरतो, म्हणून गोळे टिकतात. मध्यभागी तळलेल्या चरबीचे तुकडे भरून दीड सेंटीमीटर जाडीचे पोळे करा. दाट वाफेवर ४० मिनिटं.

कीस करडा पडतो म्हणून पाण्यात धुऊ नका, स्टार्च निघून जाईल. मिल्काओ तसाही करडाच दिसतो. बटाटा नवा, पाणचट नको. चिप्ससाठी विकतात ती कुफरी चिप्सोनासारखी पिठूळ जात घ्या. चिलोए हे बटाट्याच्या जुन्या देशी जातींचं माहेरघर आहे, तिथल्या जांभळ्या, वाकड्यातिकड्या बटाट्यांचा मिल्काओ मिळाला तर सोडू नका.

चरबीऐवजी तूप घातलं तर तुपाचाच वास येतो. चरबी नको असेल तर बिनवासाचं तेल ६० ग्रॅम घ्या.

दक्षिणवारा

खड्ड्याबद्दल. करता येईल, पण दगडांत चूक झाली तर इजा होते, म्हणून ते आधी.

जांभा अजिबात नको. तो सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि तापवल्यावर भुगा होतो. ओढ्यातले किंवा समुद्रातले ओले दगडही नकोत. आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड स्फोटासारखा फुटतो. भेगा किंवा छिद्रं नसलेला काळा घट्ट कातळ, कोरड्या जागेतून उचललेला, आठवडाभर उन्हात ठेवा. जेवणाच्या आधी एकदा नुसता जाळ करून तापवून बघा. जे फुटायचे ते तेव्हाच फुटतील. जाळ हळूहळू वाढवा आणि कोणी खड्ड्यावर वाकून उभं राहू नका, मुलांना तर लांबच ठेवा.

पुळणीत खड्डा घेऊ नका. वाळू ढासळते आणि प्रत्येक शिंपल्यात शिरते. मातीची, पाणी न साचणारी जागा हवी. १५ जणांसाठी मीटरभर रुंद आणि अर्धा मीटर खोल पुरे, तळ पूर्ण झाकेल आणि वर अर्धा थर येईल इतके दगड. ते तापलेत का बघायला लांबून थोडं पाणी शिंपडा. थेंब क्षणात उडून गेला पाहिजे, काजळी जळून दगड फिकट दिसू लागलेले हवेत.

निखारे काढल्यापासून खड्डा बंद होईपर्यंत १० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. घरच्या खड्ड्यांत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. शिंपले घासलेले, मांस कापलेलं, पोळे थापलेले, पानं आणि ओली गोणपाटं हाताशी, आणि किमान चार जण थर लावायला. दगड उघडे राहून थंड झाले की शिंपले उघडतात पण बटाटा कच्चा राहतो, आणि कोंबडीही अर्धवट राहते, जे धोक्याचं आहे. त्यामुळे घरी कोंबडी आधी थोडी वाफवून घ्या किंवा धुरावलेली वापरा. बंद केल्यावर दीड तास हात लावायचा नाही. उघडल्यावर हाडाजवळ सुरी घालून बघा, रस गुलाबी असेल तर कोंबडी पातेल्यात घालून पूर्ण शिजवा.

नाल्काऐवजी केळीची पानं उत्तम, प्रत्येक थराला दुहेरी. हळदीचं पान नको, त्याचा सुगंध सगळ्यावर चढतो. गोणपाटं नवी, खताची किंवा रंगाची नकोत.

खाडीकाठ

तिसऱ्या-शिनाण्यांचं थोडं. जिवंतच घ्या. उघडा शिंपला टिचकी मारल्यावर मिटला नाही तर टाका, फुटका टाका. गावाचं सांडपाणी येतं त्या खाडीतले घेऊ नका. वाळू काढायला लिटरमागे ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात २-३ तास अंधारात ठेवा. गोड्या पाण्यात ठेवले तर मरतात आणि वाळू आतच राहते. शिनाण्यांची दाढी शिजवायच्या अगदी आधी ओढून काढा, आदल्या दिवशी नको.

उरलं तर शिंपल्यांचं मांस कवचातून काढून रश्श्यात बुडवून लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा, एकदाच उकळून. मिल्काओ उरले तर कापून थोड्या चरबीत तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करा. चिलोएत तळलेला मिल्काओ वेगळाही करतात, आणि काहींना तोच जास्त आवडतो.